शब्द गेला कीं सत्ता गेली

बलुत्याच्या काळची गोष्ट आहे. मृगाचा पाऊस पडला आणि ऐन पेरणीला पाभर मोडली, म्हणजे कुणबी सुताराच्या दारीं जाऊन उभा राही. सुतार कांहीं त्याचा चाकर नव्हता. "आतांच्या आतां चल" असा हुकूम त्याला कोणी करूं शकत नव्हतें. तरी तो हातांतलें काम बाजूला ठेवी, वाकस उचली आणि निघे. कां? तर सुगींत खळ्यावर आपल्या वांट्याचें धान्य पडणार, हा त्याला भरवसा असे. ज्या कुणब्यानें मागल्या सालीं "पुढच्या वेळीं बघूं" म्हणून सुताराला खळ्यावरून रिकामें परत लाविलें, त्याचीहि पाभर मोडत असे. सुतार त्यालाहि नाहीं म्हणत नसे. तो म्हणे, "येतों ना पाटील, उद्यां येतों." तें उद्यां उजाडेपर्यंत वाफसा गेलेला असे. जमीन तीच, बैल तेच, पाटीलकीहि तीच. गेला होता तो एक शब्द.

एवढें ज्याला कळलें त्याला राज्यकारभारांतलें निम्में कळलें, असें आमचें मत आहे. परंतु शहाण्या लोकांचें मत निराळें आहे. चावडीवर बसा, वकिलाच्या ओसरीवर बसा, निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्याच्या मोटारींत बसा. एकच वेदवाक्य ऐकूं येतें. "राजकारण म्हणजे कांहीं वारकऱ्याची माळ नव्हे. मतें मागतांना बोलावयाचें एक आणि खुर्ची मिळाल्यावर करावयाचें दुसरें, यालाच मुत्सद्दीपणा म्हणतात. लोकांना विसरण्याची खोड असते. एकदां खुर्ची मिळाली कीं फौज हातांत, खजिना हातांत. मग शब्दाला विचारतो कोण?" असें हे म्हणतात, आणि ऐकणारे माना डोलावतात. खोटें बोलून निवडून आलेल्या माणसाला "मोठा डोकेबाज हो!" म्हणून वाखाणण्याची आपल्या लोकांना संवयच लागली आहे.

या शहाणपणाचा एकदां निकाल लावावा म्हणून आम्ही आज लहानसहान खुर्ची घेत नाहीं. जगांतली सर्वांत जड खुर्ची घेतों, ती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची. तिच्यावरचा माणूसहि लेचापेचा घेत नाहीं. १९६३ पासून १९६९ पर्यंत त्या खुर्चीवर बसलेला लिंडन जॉन्सन घेतों. राजकारणाचे डाव त्याच्याइतके जाणणारा माणूस त्या देशांतहि विरळा. एवढ्या कसलेल्या माणसाला जर मोडलेला शब्द पचला नाहीं, तर आमच्या तालुक्याच्या डोकेबाजांनीं आपल्या पोटाची शक्ति तपासून पाहावी.

"आम्हां कुणब्या-कारागिरांना त्या अमेरिकेच्या अध्यक्षाचें काय?" असें कोणी विचारील. त्याला दोन उत्तरें आहेत. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक छापलें, तें अर्पण केलें अमेरिकेंतल्या त्या सज्जनांना, ज्यांनीं तेथल्या कृष्णवर्णी गुलामांच्या सुटकेसाठीं कष्ट सोसले. तेव्हां त्या सुटलेल्या लोकांच्या नातवंडा-पणतवंडांना दिलेलीं वचनें पुढें पाळलीं गेलीं कीं नाहीं, हा आमच्याहि घरचा प्रश्न आहे. दुसरें उत्तर पोटाचें आहे. १९६५ व १९६६ सालीं पावसानें ओढ दिली, तेव्हां आपल्या देशांत अमेरिकेहून गव्हाचीं जहाजें येत होतीं. १९६६ सालीं बाहेरून आलेलें धान्य एक कोटि टनांच्या आसपास होतें आणि त्यांतलें बहुतेक अमेरिकेचें होतें. तीं जहाजें केव्हां सोडावयाचीं आणि किती सोडावयाचीं, हें हाच जॉन्सन महिन्या-महिन्याच्या हिशेबानें स्वतः ठरवीत होता. रेशनच्या दुकानापुढें उभ्या राहिलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना त्याचें नांव ठाऊक नसेल, पण त्याचा हात त्यांच्या ताटापर्यंत पोंचला होता. एवढा लांब हात ज्याचा, तो त्याच्या स्वतःच्या घरांत कसा लुळा पडला तें पाहा.

आधीं त्या खुर्चीचें बळ कशांत आहे तें समजून घेतलें पाहिजे. बाहेरून पाहणाराला वाटतें, अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे चक्रवर्ती राजा. तो फौजेचा सरसेनापति आहे, परराज्यांशीं तो बोलणीं करतो, न पटलेला कायदा तो परत पाठवूं शकतो, हें खरें. पण पैसा खर्चावयाचा तर मंजुरी कायदेमंडळाची. कर बसवावयाचा तर कायदेमंडळानें. वरिष्ठ न्यायाधीश नेमावयाचा तर सिनेटची संमति. हे सभासद त्याच्या हाताखालचे नव्हेत. त्यांचे मतदार निराळे, त्यांच्या मुदती निराळ्या. रिचर्ड न्यूस्टॅट नांवाच्या प्राध्यापकानें १९६० सालीं या विषयावर पुस्तक लिहून हेंच दाखविलें कीं, नुसत्या हुकुमानें अध्यक्षाचीं थोडींच कामें होतात; बहुतेक कामें त्याला दुसऱ्याचें मन वळवूनच करून घ्यावीं लागतात. आणि मन वळतें तें कोणाच्या बोलण्यानें? ज्याचा शब्द आजवर खरा ठरला त्याच्या. म्हणजे फिरून आम्ही सुताराच्याच दारीं आलों.

जॉन्सन टेक्सस प्रांतांतल्या माळरानांत वाढला. घरची ओढाताण त्यानें पाहिली होती. १९२८ च्या सुमारास मेक्सिकन मजुरांच्या मुलांच्या शाळेंत त्यानें मास्तरकी केली. उपाशीं पोटीं शाळेंत येणारीं पोरें त्यानें डोळ्यांनीं पाहिलीं. नोव्हेंबर १९६३ मध्यें अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला आणि उपाध्यक्ष जॉन्सन त्या जागीं बसला. पुढच्या दोन वर्षांत त्यानें केलेलें काम आम्ही हातचें राखून सांगणार नाहीं. जानेवारी १९६४ मध्यें त्यानें गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलें. जुलै १९६४ मध्यें खाणावळी, उतारशाळा, नोकऱ्या यांतला काळ्या-गोऱ्यांचा सोवळेपणा कायद्यानें बंद केला. १९६५ मध्यें कृष्णवर्णी लोकांच्या मतदानाआड घातलेलीं कुंपणें तोडणारा कायदा झाला, आणि म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची सोय करणारा कायदाहि झाला. शंभर वर्षें जें अडलें होतें तें दोन वर्षांच्या आंत मार्गीं लागलें. हें कसें झालें? सिनेटमध्यें हा माणूस वर्षानुवर्षें मुरलेला. एकेका सभासदाचा दंड धरून तो सांगे, "तूं या कायद्याला मत दे, तुझें काम मी पाहून घेतों." समोरच्याला त्या सौद्याचा भरवसा वाटे. पत होती, म्हणून हुंडी वटत होती.

आतां ती पत कशी बुडाली तें ऐका. १९६४ च्या निवडणुकींत त्याच्यासमोर बॅरी गोल्डवॉटर उभा होता. हा गृहस्थ लढाईखोर आहे, तो निवडून आला तर जगाला आग लावील, अशी हवा जॉन्सनच्या पक्षानें उठविली. त्या वेळीं आशियांतल्या व्हिएतनाम देशांत उत्तरेचे कम्युनिस्ट आणि दक्षिणेचें अमेरिकेच्या आश्रयाचें सरकार यांच्यांत लढा चालला होता. ऑक्टोबर १९६४ मध्यें ओहायओ प्रांतांत जॉन्सननें भर सभेंत सांगितलें कीं, जें काम आशियांतल्या पोरांनीं स्वतः करावयाचें, त्यासाठीं अमेरिकेचीं पोरें नऊ-दहा हजार मैल दूर धाडावयाचीं नाहींत. लोकांनीं तें ऐकलें आणि मनावर घेतलें. शंभरांतल्या एकसष्ट मतदारांनीं जॉन्सनला मत दिलें. पन्नास राज्यांपैकीं चव्वेचाळीस त्याच्या पदरांत पडलीं.

पण त्या भाषणाच्या अडीच महिने आधींच दुसरा एक कागद तयार झाला होता. ऑगस्ट १९६४ मध्यें टोंकिनच्या आखातांत उत्तर व्हिएतनामच्या होड्यांनीं अमेरिकन जहाजांवर दोनदां हल्ला केला, असें अध्यक्षानें देशाला सांगितलें. त्यांतला २ ऑगस्टचा हल्ला झाला होता. ४ ऑगस्टचा हल्ला झालाच नव्हता, हें पुढें अमेरिकेच्याच सरकारी दप्तरांतून बाहेर पडलें. शंका त्याच दिवशीं निघाल्या होत्या, पण त्या लोकांच्या कानीं घातल्या नाहींत. कायदेमंडळानें मात्र त्या बातमीवर विसंबून, प्रतिनिधिसभेंत ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्यें ८८ विरुद्ध २ मतांनीं, "तुम्हांला योग्य वाटेल तें करा" असा ठराव करून दिला. आमच्या शेतकऱ्याला कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याचा अर्थ समजावून सांगण्याचें कारण नाहीं. सिनेटांतले ते दोघे सोडून बाकी सर्वांनीं कोऱ्या कागदावर अंगठा उठविला होता.

निवडणूक झाली आणि चारच महिन्यांत, मार्च १९६५ मध्यें, उत्तर व्हिएतनामवर रोजच्या रोज बाँब पडूं लागले. ८ मार्चला अमेरिकन फौजेची पहिली लढाऊ तुकडी, साडेतीन हजार माणसें, दा नांगच्या किनाऱ्यावर उतरली. ती केवळ विमानतळाची राखण करण्यासाठीं आहे असें सांगण्यांत आलें. एप्रिलमध्यें तिला चाल करून जाण्याची परवानगी मिळाली. आणि त्याच हुकुमांत अशीहि ताकीद होती कीं, धोरण बदललें असें कोणाला दिसूं देऊं नका. हा कागद १९७१ मध्यें वर्तमानपत्रांतून फुटला तेव्हां लोकांनीं वाचला. २८ जुलै १९६५ ला जॉन्सननें जाहीर केलें कीं व्हिएतनामांतली फौज सवा लाख करणार आणि सक्तीची भरती महिन्याला सतरा हजार होती ती पस्तीस हजार करणार. "म्हणजे धोरण बदललें ना?" असें पत्रकारांनीं विचारलें. अध्यक्ष म्हणाला, धोरण मुळींच बदललेलें नाहीं. घराला आग लागली आहे, धूर गांवभर दिसतो आहे, आणि घरधनी दारांत उभा राहून सांगतो कीं चुलीवर भाकऱ्या चालल्या आहेत!

१९६५ अखेर एक लाख चौऱ्याऐंशीं हजार, १९६७ अखेर चार लाख पंचाऐंशीं हजार, १९६८ मध्यें पांच लाखांच्या वर, असा फौजेचा आंकडा चढत गेला. ज्या पोरांना धाडणार नाहीं म्हणून सांगितलें होतें, तीं हीं पोरें. लढाई संपेपर्यंत त्यांतलीं अठ्ठावन्न हजारांहून अधिक मेलीं. व्हिएतनामी माणसें किती मेलीं त्याचे हिशेब लाखांनींच होतात. आणि भरतीचा जाच कोणावर पडला? कॉलेजांत शिकणाऱ्याला त्या काळीं सवलत होती. गिरणींतल्या मजुराचा पोरगा, शेतकऱ्याचा पोरगा, काळ्या वस्तीतला पोरगा यांना ती नव्हती.

माणसांची लपवाछपवी झाली तशीच पैशाचीहि झाली. लढाईहि चालवूं आणि गरिबांचें घरहि उभारूं, देश एवढा श्रीमंत आहे कीं दोन्ही जमेल, असें अध्यक्षानें १९६६ च्या जानेवारींत सांगितलें. त्याच्या स्वतःच्या सल्लागारांनीं कर वाढविण्याचा सल्ला दिला होता. पण कर मागावयाचा म्हणजे लढाईचा खरा खर्च सांगावयाचा. खरा खर्च सांगितला कीं कायदेमंडळ गरिबांच्या योजनांना कात्री लावणार. म्हणून त्यानें खर्चच कमी दाखविला. एका वर्षाच्या अंदाजपत्रकांत लढाईला सुमारे दहा अब्ज डॉलर धरले होते, ते प्रत्यक्षांत जवळजवळ दुप्पट झाले. मुलीच्या लग्नाचा खर्च बायकोपासून लपवून सावकाराचें दार धरणारा कुणबी आम्हीं पाहिला आहे. हेतु चांगला असतो. पण हप्ता चुकला कीं लग्नहि कळतें, कर्जहि कळतें, आणि वर लबाडीहि कळते. तिकडे तसेंच झालें. बाजारांत भाव चढूं लागले. १९६४ मध्यें महागाई वर्षाला शेकडा दीडच्या आंत होती, ती १९६८ मध्यें शेकडा चारच्या वर गेली. सरकारचें बोलणें खोटें आहे हें अमेरिकेंतल्या बायाबापड्यांना कोणत्याहि पत्रकारानें सांगण्याआधीं वाण्याच्या दुकानांत कळलें.

आणि एकदां जिभेला संवय लागली कीं ती लहान गोष्टींतहि आवरत नाहीं. १९६६ च्या शेवटीं जॉन्सननें आपल्या शिपायांपुढें फुशारकी मारली कीं, माझा खापरपणजा अलामोच्या लढाईंत पडला. अलामोची लढाई झाली १८३६ सालीं. त्याचा असा कोणी पूर्वज तींत पडला नव्हता. आमच्याकडे भाटाला चार पैसे दिले कीं तो वंशावळ सूर्यापर्यंत नेऊन पोंचवितो. त्या महाशयांनीं भाटाचाहि खर्च वांचविला. त्याच सुमारास प्रचाराच्या दौऱ्याची गावोगांव तयारी झाली होती. दौरा रद्द झाला, तेव्हां अध्यक्ष म्हणाला, दौरा ठरलाच नव्हता. ज्यांनीं मांडव घातले त्यांना काय वाटलें असेल? अध्यक्षाच्या बोलण्यांत आणि खऱ्या गोष्टींत जी दरी पडली तिला वर्तमानपत्रांनीं नांवच देऊन टाकलें. जॉन्सन खोटें केव्हां बोलतो हें कसें ओळखावें? ओंठ हलले कीं समजावें, अशी थट्टा घरोघर चालूं लागली. ज्याच्या नांवानें पोरेंसोरें हंसूं लागलीं, त्याचा हुकूम कोणी काय मानावा?

आतां शहाण्यांच्या "शब्दाला विचारतो कोण" या प्रश्नाचें उत्तर पाहा. नोव्हेंबर १९६६ च्या निवडणुकींत जॉन्सनच्या पक्षाच्या प्रतिनिधिसभेंतल्या सत्तेचाळीस जागा गेल्या. लढाई हें त्याचें एकच कारण नव्हतें. शहरांतले दंगे होते, महागाई होती, आणि काळ्यांना हक्क मिळाले म्हणून चिडलेले गोरे होते. पण अशा वेळींच माणसाची पत उपयोगीं पडावयाची असते, आणि ती आतां उरली नव्हती. जुलै १९६७ मध्यें त्यानें एक लहानसें बिल पाठविलें. शहरांच्या गलिच्छ वस्त्यांत उंदीर-घुशी निजलेल्या पोरांना चावतात, त्यांच्या नायनाटासाठीं दोन वर्षांत चार कोटि डॉलर द्यावे, एवढेंच तें बिल. व्हिएतनामांत एवढी रक्कम एका दिवसांत उडत होती. प्रतिनिधिसभेनें तें चर्चेलासुद्धां घेतलें नाहीं. २०७ विरुद्ध १७६ मतांनीं तें दारांतूनच परत गेलें, आणि सभासद उंदरांवर कोट्या करून खदखदां हंसले. ज्या माणसानें तीन वर्षांपूर्वीं शंभर वर्षांचा अन्याय कायद्यानें मोडला, त्याला आतां एक उंदीर मारण्याचा कायदा करवेना! पुढें लोकांनीं हाकाटी केली तेव्हां तो खर्च दुसऱ्या एका कायद्यांत घालून घेण्यांत आला. पण सभागृहाचें तें हंसणें कोणी पुसूं शकलें नाहीं.

त्याच वर्षीं जॉन्सनला शेवटीं कर मागावाच लागला. करांचें बिल ज्या समितीपुढें जावयाचें तिचा मुख्य विल्बर मिल्स म्हणून होता. तो त्याच्याच पक्षाचा. त्यानें महिनोन्महिने बिल अडवून धरलें आणि अट घातली: आधीं खर्चांतले सहा अब्ज डॉलर कापा, मग कर. जून १९६८ मध्यें अध्यक्षाला ती अट मान्य करून सही करावी लागली. कात्री कोणावर चालणार? लढाईवर चालत नव्हती. गरिबीविरुद्धच्या युद्धाच्या खात्याला साऱ्या वर्षांत दोन अब्ज डॉलरहि मिळत नव्हते, आणि व्हिएतनामांत वर्षाला वीस अब्जांच्या वर जात होते. मार्टिन लूथर किंग यांनीं एप्रिल १९६७ मध्यें न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्यें हेंच उघड बोलून दाखविलें कीं, गरिबांसाठीं म्हणून जें थोडें सुरू झालें होतें तें ही लढाई गिळून टाकीत आहे. किंग हे जॉन्सनचे शत्रु नव्हते. मतदानाचा कायदा होतांना ते त्याच्या बाजूला उभे होते. असा माणूसहि दूर गेला. वाचकहो, या लेखांत लक्षांत ठेवण्याची गोष्ट कोणती म्हणाल, तर ही. राज्यकर्त्याचा शब्द बुडतो तेव्हां पहिली झळ राज्यकर्त्याला लागत नाहीं. त्याच्या शब्दावर ज्यांनीं आशा ठेवली त्या गरिबांना लागते. श्रीमंताला सरकारच्या शब्दाची गरज नसते, त्याच्यापाशीं तिजोरी असते. गरिबापाशीं सरकारचा शब्द हीच तिजोरी.

आणखी एक गोष्ट आहे, ती याहून वाईट. खोटें बोलणाराचें खोटें कोणी मानीत नाहीं तें ठीकच आहे. पण त्याचें खरेंहि मरतें. १९६७ च्या नोव्हेंबरांत व्हिएतनामांतल्या सेनापतीला बोलावून आणून त्याच्या तोंडून वदविलें कीं आतां शेवट दृष्टीच्या टप्प्यांत येऊं लागला आहे. दोनच महिन्यांनीं, जानेवारी १९६८ च्या अखेरीस, व्हिएतनामच्या नव्या वर्षाच्या सणाला कम्युनिस्टांनीं शंभराहून अधिक शहरांवर व कसब्यांवर एकदम हल्ले केले. सायगांवांतल्या अमेरिकन वकिलातीच्या आवारांतहि ते शिरले. जॉन्सननें सांगितलें कीं, शत्रूचा हा हल्ला लढाईच्या दृष्टीनें फसला आहे. यांत बरेंच तथ्य होतें. हल्ला करणारांचीं हजारों माणसें मेलीं आणि जिंकलेलीं शहरें त्यांना राखतां आलीं नाहींत. पण ऐकतो कोण? "लांडगा आला रे आला" म्हणून गांवाला फसविणाऱ्या गुराख्याची गोष्ट आपण पोरांना सांगतों. त्या गुराख्याला निदान मेंढरेंच राखावयाचीं होतीं. याच्या हातीं पांच लाखांची फौज होती.

१२ मार्च १९६८ ला न्यू हॅम्पशायर नांवाच्या लहानशा राज्यांत पक्षांतली उमेदवारी ठरविण्याचें मतदान झालें. लढाईविरुद्ध उभ्या राहिलेल्या यूजीन मॅकार्थी या सिनेटराला शेकडा ४२ मतें पडलीं, आणि गादीवर बसलेल्या अध्यक्षाला शेकडा ४९. ज्याला चार वर्षांपूर्वीं साऱ्या देशानें डोक्यावर घेतलें, त्याच्या राज्यकारभाराला मार्चमध्यें शंभरांतले छत्तीसच लोक बरें म्हणत होते. ३१ मार्चच्या रात्रीं जॉन्सननें देशाला सांगितलें कीं, मी पुन्हां उमेदवार होणार नाहीं. जून महिन्यांत त्यानें आपल्या विश्वासांतल्या न्यायमूर्तीला सरन्यायाधीश करण्याचा घाट घातला. सिनेटनें तोहि पार पडूं दिला नाहीं. आणि गंमत अशी कीं, खुर्ची सोडतों म्हणतांच लोकांचें मत त्याच्याकडे थोडें वळलें! कारण उघड आहे. बऱ्याच वर्षांनीं त्याच्या तोंडून असा शब्द निघाला होता कीं ज्यांत त्याचा स्वतःचा फायदा नव्हता.

येथें शहाणे लोक हटकतील. म्हणतील, "जॉन्सन लढाई हरला म्हणून पडला, जिंकला असता तर खोट्याची कोणी आठवण काढली नसती." आम्ही विचारतों, लढाई लांबली, फसली, तेव्हां देशानें धीर कां धरला नाहीं? तिच्या सुरुवातीलाच त्याला विश्वासांत घेतलें नव्हतें म्हणून. ज्या घरानें विचार करून विहीर खणायला घेतली, तें घर खडक लागला तरी चार हात आणखी खणतें. ज्याला न विचारतां विहिरीचें कर्ज डोक्यावर घातलें, तो पहिल्या खडकालाच पहार फेकून देतो.

दुसरे म्हणतील, "परिस्थिति बदलते, मग शब्द कसा पाळावा?" हा प्रश्न खरा आहे आणि आम्ही तो टाळीत नाहीं. जॉर्ज बुश (थोरला) यानें १९८८ मध्यें, नवे कर बसविणार नाहीं म्हणजे नाहीं, असें सांगून अध्यक्षपद मिळविलें. तूट वाढली, आणि १९९० मध्यें कायदेमंडळाशीं तडजोड करून त्याला कर वाढवावे लागले. हिशेबानें पाहतां तें करणें चुकीचें नव्हतें असें पुष्कळ जाणते म्हणतात. मध्यें १९९१ मध्यें त्यानें इराकविरुद्धची लढाई जिंकली, तेव्हां शंभरांतले जवळजवळ नव्वद लोक त्याला नांवाजत होते. तरी १९९२ मध्यें त्याला शेकडा ३८ मतेंहि पडलीं नाहींत. मंदीहि होती, पण प्रतिपक्षी जेथें जाई तेथें तेंच जुनें वाक्य लोकांना ऐकवी. लढाई जिंकूनहि मोडलेला शब्द झांकला गेला नाहीं, हें पहिल्या शहाण्यांनींहि लक्षांत घ्यावें. यांतून निघतें तें इतकेंच कीं, जें पाळण्याची खात्री नाहीं तें बोलूंच नये, आणि बोललेलें पाळणें खरोखर अशक्य झालें, तर खळ्यावर स्वतः येऊन सांगावें, "बाबांनो, मी असें बोललों होतों, तें आतां होत नाहीं, कारण हें, आणि चूक माझी." पाऊस गेला तर सुतारालाहि कळतें. निम्मी पायली घेऊन तो पुढच्या सालीं येतोच. तो येत नाहीं तो भरलेलें पेव लपविणाऱ्याकडे.

शेतकरी बंधूंनो, कारागीर बंधूंनो, मायबहिणींनो, आतां आपल्या ओसरीवर या. आमच्याकडे वचनांना काय तोटा आहे? सत्यनारायणाचा प्रसाद वांटावा तशीं तीं निवडणुकीच्या आधीं वांटलीं जातात: कर्ज माफ, पाटाला पाणी, पिकाला भाव, विणकराला सूत, पोराला नोकरी. आपण प्रसाद घेतों, हात पुसतों आणि घरीं जातों. पुढच्या खेपेला तोच पुजारी नवें ताट घेऊन येतो. यांत दोष एकट्या पुजाऱ्याचा नाहीं. वाण्याची उधारी आपण पैशापैशानें लक्षांत ठेवतों. पुढाऱ्याची उधारी ठेवीत नाहीं. अमेरिकेंतल्या लोकांनीं काय विशेष केलें? त्यांनीं लक्षांत ठेवलें. ऑक्टोबरांत काय म्हणाला आणि मार्चमध्यें काय केलें, हे दोन कागद त्यांनीं शेजारीं शेजारीं ठेवले. एवढ्यानें जगांतली सर्वांत जड खुर्ची हलली.

म्हणून आमचें सांगणें साधें आहे. प्रत्येक गांवानें एक वही घालावी. ज्याला लिहितां येतें त्यानें लिहावें. शाळेंत जाणाऱ्या मुलीच्या हातीं ती वही दिली तरी चालेल. कोण आला, कोणत्या तारखेला आला, काय देतों म्हणाला, केव्हां देतों म्हणाला, तें त्याच्या देखत लिहावें आणि त्याला वाचून दाखवावें. पुन्हां मत मागायला आला कीं आधीं वही काढावी, मग पाण्याचा तांब्या. मग तो आपल्या जातीचा असो, आपल्या पक्षाचा असो, आपल्या चळवळीचा असो. आपल्या माणसाच्या नांवापुढें तर दोन रेघा अधिक ओढाव्या, कारण त्याच्या खोट्यानें आपल्या खऱ्या मागणीचीहि पत बुडते. आणि शब्द पाळणारा एखादा निघाला तर त्याचेंहि नांव त्याच वहींत ठळक लिहावें. त्याला "भोळा आहे बिचारा" म्हणून हंसूं नये. आपण ज्याला डोकेबाज म्हणतों तसेच पुढारी आपल्या नशिबीं येतात.

खुर्ची लांकडाची असते, आणि लांकडाला आंतून वाळवी लागली तरी वरचा रंग बरेच दिवस चकाकतो. बसणाराला वाटतें, आपण भक्कम बसलों आहों. ती मोडल्याचा आवाज त्याला सर्वांच्या शेवटीं ऐकूं येतो. पण तोंपर्यंत गरिबांची पेरणी गेलेली असते. तेव्हां वाळवी लागतांच खुर्ची ठोकून पाहण्याचें काम आपलें आहे, तें दुसरा कोणी करणार नाहीं.